झोफोसच्या खाली: एका दुर्मिळ ग्रीक अंधाराचं प्रकरण

दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण शास्त्रपाठाला बसतो, आणि गेल्या पावसाळ्यात नव्या करारातलं यहूदाचं पत्र काढलं तेव्हा सगळ्यांना वाटलेलं की पंचवीस वचनांचं तर पत्र, एका बैठकीत उरकेल. नाही उरकलं. तेराव्या वचनाशी गाडी अडली. तिथे मंडळीत घुसलेल्या खोट्या शिक्षकांना भटके तारे म्हटलंय, आणि त्यांच्यासाठी, शब्दशः घेतलं तर, अंधाराचा अंधार कायमचा राखून ठेवलाय. आमच्यातल्या एक काकू, ज्या सहसा गप्प बसून ऐकतात, त्या म्हणाल्या, "अरे पण अंधार म्हणजे अंधारच ना, त्याला परत अंधार कसला? पाण्यात पाणी ओतल्यासारखं झालं हे." कोणाकडेच उत्तर नव्हतं. मी ग्रीक थोडंफार शिकलोय, म्हणजे कोश उघडून शब्द शोधण्याइतपत, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं आणि पुढचे तीन आठवडे एका शब्दापायी गेले, त्याचा हा सगळा हिशोब.

तर पहिली गोष्ट, मूळ ग्रीकमध्ये तिथे एकच शब्द दोनदा आलेला नाहीये. 'झोफोस तू स्कोतूस' असं आहे, म्हणजे स्कोतोसचा झोफोस. यातला स्कोतोस हा नव्या करारातला रोजच्या वापरातला शब्द, तीसएक वेळा येतो. येशू वधस्तंभावर असताना भर दुपारी पडलेला अंधार तो स्कोतोस, आणि जुन्या कराराचं जे प्राचीन ग्रीक भाषांतर आहे, सेप्टुअजिंट, त्यात उत्पत्तीच्या दुसऱ्याच वचनात खोल जलावर पसरलेला अंधार तोही स्कोतोस. झोफोस मात्र अख्ख्या नव्या करारात फक्त पाच ठिकाणी आहे: यहूदा ६ आणि १३, २ पेत्र २:४ आणि २:१७, आणि इब्री १२:१८. त्यातही २ पेत्र हे पत्र यहूदाचं पत्र समोर ठेवून लिहिलंय असं बहुतेक अभ्यासक मानतात, म्हणजे पाचातली चार ठिकाणं खरं तर एकाच घरातली. आणि सेप्टुअजिंटमध्ये हा शब्द एकदाही नाही! इथे मी थबकलो, कारण नव्या कराराचे लेखक असल्या विषयावर बोलताना सहसा सेप्टुअजिंटच्याच कोठारातून शब्द उचलतात, आणि हा शब्द त्या कोठारात नाहीच, मग आला कुठून?

आला प्राचीन ग्रीक कवी होमरकडून. किंवा नेमकं सांगायचं तर होमरपासून चालत आलेल्या ग्रीक काव्याच्या बोलीतून.

त्याच्या इलियड या महाकाव्याच्या पंधराव्या सर्गात पोसेइडन चिडून सांगतो की आम्ही तीन भाऊ, चिठ्ठ्या टाकून वाटणी केली, मला समुद्र आला, झ्यूसला आकाश आलं, आणि हेडीसला आला धुकट झोफोस. आता ही वाटणी नीट बघा. समुद्र ही जागा आहे, आकाश ही जागा आहे, आणि तिसऱ्या भावाच्या नावावर चढलाय तो अंधार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागतं तसा. नुसता प्रकाशाचा अभाव असता तर तो कोणाच्या वाट्याला कसा आला असता? झोफोस म्हणजे इथे एक मुलूख आहे, मृतांचा मुलूख, आणि अंधार ही त्या मुलखाची हवा आहे असं म्हणा.

दुसरा पुरावा मला जास्त आवडला. त्याच्याच ओडिसी या दुसऱ्या महाकाव्याच्या अकराव्या सर्गात नायक ओडिसियस मृतांच्या लोकाच्या तोंडाशी जातो तर तिथे सगळ्यात आधी भेटतो त्याचाच साथीदार एल्पेनोर, जो किर्के नावाच्या जादूगारणीच्या घराच्या छपरावर दारू पिऊन झोपला होता, उठताना खाली पडला आणि मान मोडून मेला आणि बाकीच्यांना घाईत पत्ताही नाही. ओडिसियस त्याला विचारतो की अरे तू झोफोसच्या खाली आलास कसा, मी जहाजातून आलो तरी तू पायी माझ्या आधी पोचलास? 'हुपो झोफोन'. झोफोसच्या खाली. एस्खिलसच्या 'पर्शियन्स' नाटकात, जे इसवी सनपूर्व ४७२ मध्ये अथेन्सला झालं, मेलेल्या दारयस राजाचं भूत वर येतं, बोलतं, आणि परत जाताना म्हणतं की मी चाललो जमिनीच्या तळाशी, हुपो झोफोन. म्हणजे हा ठरलेला वाक्प्रयोग आहे, आपल्याकडे कैलासवासी झाले म्हणताना कोणी नकाशा काढत नाही तसा.

आता यहूदाचं सहावं वचन. आपली मूळ जागा सोडून गेलेल्या देवदूतांना देवाने मोठ्या दिवसाच्या न्यायासाठी सार्वकालिक बंधनांत ठेवलंय. कुठे? हुपो झोफोन. तेच दोन शब्द, तीच रचना. मराठीत अंधाराखाली असं आपण म्हणतच नाही, आपल्याकडे दिव्याखाली अंधार असतो, अंधाराखाली काही नसतं, म्हणून भाषांतर करणारा गुपचूप 'अंधारात' करून टाकतो आणि वाक्य वाचायला गोड होतं. पण त्या एका 'खाली'तच सगळा अर्थ बसलाय असं माझं मत झालंय. अंधार ही त्या देवदूतांची अवस्था नाही, तो त्यांचा पत्ता आहे.

एक गंमत मध्येच सांगून टाकतो. होमरमध्ये झोफोसचा आणखी एक अर्थ आहे, पश्चिम दिशा. इथाका बेट आजूबाजूच्या बेटांच्या तुलनेत झोफोसकडे आहे असं ओडिसियस सांगतो, आणि बाकीची बेटं पहाट आणि सूर्याकडे. दुसऱ्या एका ठिकाणी वाट चुकल्यावर तो साथीदारांना म्हणतो की झोफोस कुठे नि पहाट कुठे हेच आपल्याला कळेनासं झालंय. मराठी माणसाला हे समजवायची गरजच नाही, आपण पश्चिमेला मावळत म्हणतो. सूर्य जिथे बुडतो ती बाजू, आणि बुडून जातो जमिनीच्या खाली, म्हणजे पश्चिम आणि पाताळ हे एकाच वाटेवरचे दोन थांबे. हे लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

पण मग प्रश्न येतो की यहूदासारखा माणूस, जो अगदी ज्यू परंपरेत मुरलेला आहे, तो होमरच्या काव्याची बोली का वापरेल? इथे हनोखचं पुस्तक येतं, एक जुना ज्यू ग्रंथ. यहूदा चौदाव्या-पंधराव्या वचनात हनोखचं नाव घेऊन त्याचं वाक्य देतो, म्हणजे ते पुस्तक त्याच्या समोर होतं यात वाद नाही. हे पुस्तक पूर्ण रूपात फक्त इथिओपियाच्या गिझ भाषेत टिकलं, अरामी तुकडे मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या चौथ्या गुहेत सापडले आणि ग्रीकचा एक मोठा भाग इजिप्तमधल्या अखमीमला. त्यातली गोष्ट अशी की उत्पत्ती ६ मधले देवपुत्र पृथ्वीवर उतरले, बायका केल्या, माणसांना नको त्या विद्या शिकवल्या, म्हणून त्यांच्यातल्या एका म्होरक्याचे हातपाय बांधून वाळवंटातल्या खड्ड्यात अंधारात टाकायची आज्ञा देवाने दिली, बाकीच्यांना सत्तर पिढ्यांसाठी जमिनीखाली बांधून ठेवलं. यहूदा ६ म्हणजे याच गोष्टीचा सारांश. आणि बघा, हनोखच्या ग्रीकमध्ये त्या खड्ड्यातल्या अंधाराला शब्द आहे स्कोतोस, साधा. यहूदाने गोष्ट तिथली घेतली पण शब्द बदलला.

का बदलला याचा अंदाज हेसिअड या दुसऱ्या प्राचीन ग्रीक कवीवरून येतो. त्याच्या 'थिओगोनी'त झ्यूसशी लढून हरलेले टायटन लोक बेड्या घालून तार्तारोसमध्ये डांबलेत, इतकं खाली की आकाशातून सोडलेली काशाची ऐरण नऊ दिवस-रात्र पडत राहून दहाव्या दिवशी जमिनीला पोचेल आणि जमिनीवरून सोडली तर तेवढाच वेळ तार्तारोसला लागेल. आणि ते टायटन कशाखाली लपवलेत? धुकट झोफोसखाली. म्हणजे बंड केलेले दैवी जीव, बेड्या, जमिनीचा तळ आणि झोफोस, हे सगळं पॅकेज ग्रीक ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच एकत्र बांधलेलं होतं. ज्यू लोकांनाही ही सांगड नवी नव्हती, सेप्टुअजिंटमध्ये २ शमुवेल ५ मधल्या रेफाईमच्या, म्हणजे जुन्या करारातल्या धिप्पाड लोकांच्या, खोऱ्याला चक्क टायटनांचं खोरं म्हटलंय, आणि जोसेफस इतिहासकार तर ग्रीकांची टर उडवतो की यांचे सगळ्यात जुने देव म्हणे तार्तारोसमध्ये बांधलेले. पेत्राचं दुसरं पत्र एक पाऊल पुढे जातं, तिथे २:४ मध्ये 'तार्तारोसास' असं क्रियापदाचं रूप आहे, तार्तारोसमध्ये टाकून, जे नव्या करारात दुसरीकडे कुठेच येत नाही. म्हणजे पेत्राच्या पत्राच्या लेखकाला यहूदाचा इशारा बरोबर कळला होता, त्याने तो उघड करून सांगितला.

आता माझ्याविरुद्ध जाणारे मुद्दे, कारण ते नसते तर हे प्रकरण एका आठवड्यात मिटलं असतं.

एक म्हणजे हनोखमध्येच असंही म्हटलंय की त्या म्होरक्यावर अंधार पांघरून टाका, तोंड झाका, म्हणजे प्रकाश दिसणार नाही. तेव्हा 'अंधाराखाली' हे होमरवरून नसून सरळ या पांघरुणावरून आलं असेल असं कोणी म्हणालं तर मी भांडणार नाही. पण मग स्कोतोसच पुरेसा होता ना, हुपो स्कोतोस लिहिलं असतं तरी चाललं असतं.

दुसरा मुद्दा जड आहे, इब्री १२:१८. तिथे सिनाय पर्वताचं वर्णन आहे, आग, ग्नोफोस, झोफोस आणि वादळ. तिथे मृतलोकाचा काही संबंध नाही, देव पर्वतावर उतरलाय. आणि ग्नोफोस तर उलट देवाचा अंधार, सेप्टुअजिंटमध्ये मोशे ज्या ढगाळ अंधारात शिरला जिथे देव होता तो ग्नोफोस. मग झोफोस तिथे काय करतोय? हे वर्णन जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातल्या ४:११ वरून घेतलंय आणि तिथे शब्द आहेत स्कोतोस, ग्नोफोस, वादळ. इब्रीच्या लेखकाने स्कोतोस काढून झोफोस घातला, आणि मला वाटतं ते कानासाठी, 'ग्नोफो काइ झोफो' मोठ्याने म्हणून बघा, ढोलासारखं वाजतं. तो लेखक असल्या नादाचा शौकीन आहेच. पुढे हाताने प्रती उतरवणाऱ्यांना हे रुचलं नाही, त्यांनी 'अनुवाद' पुस्तकाशी जुळवून झोफोसच्या जागी परत स्कोतोस लिहिला आणि तोच पाठ १६११ च्या किंग जेम्स बायबलच्या मागच्या छापील ग्रीकमध्ये गेला. तेव्हा मी माझं म्हणणं थोडं मागे घेतो: झोफोस म्हणजे दर वेळी मृतांचा मुलूख असं नाही, नुसता दाट काळोख असाही अर्थ होतोच. कोणता घ्यायचा ते शेजारी कोण बसलंय त्यावर. सिनायवर शेजारी ढग आणि वादळ आहे, यहूदा-पेत्रात शेजारी बेड्या आणि तार्तारोस.

आणि मग या प्रकरणातला माझा सगळ्यात आवडता गुंता, २ पेत्र २:४ मधलं एक अक्षर. झोफोसच्या 'साखळ्या' की झोफोसचे 'खड्डे'? ग्रीकमध्ये सेइराइस म्हणजे दोर किंवा साखळ्यांनी, आणि सेइरोइस म्हणजे खड्ड्यांत, फरक फक्त आल्फा की ओमिक्रॉन एवढाच. चौथ्या-पाचव्या शतकातल्या मोठमोठ्या हस्तलिखितांत, सिनाइटिकस, व्हॅटिकनस, अलेक्झांड्रिनस, सगळीकडे खड्डे आहेत. पण या पत्राची सगळ्यात जुनी प्रत जी आहे, पपायरस ७२, तिसऱ्या-चौथ्या शतकातली, जी आता व्हॅटिकनला आहे, तिच्यात साखळ्या आहेत, आणि नंतरच्या बहुसंख्य प्रतींतही साखळ्याच. १८८१ मध्ये इंग्लंडात नव्या कराराचं सुधारित भाषांतर आलं त्यात खड्डे छापले आणि समासात साखळ्या. आजच्या प्रमाण ग्रीक आवृत्तीत परत साखळ्या. म्हणजे त्या बिचाऱ्या देवदूतांना कधी बांधून ठेवलंय कधी पुरून.

ते खड्डे म्हणजे साधे खड्डे नव्हेत बरं का. सिरोस म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं पेव! अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनीस एका भाषणात थ्रेसच्या पेवांतल्या धान्याबद्दल बोलतो, आणि एल्युसिसच्या देवळाला पहिल्या पिकाचा वाटा द्यायचा जो अथेन्सचा शिलालेख आहे त्यात तीन सिरोस बांधा असा हुकूम आहे. आमच्या गटातल्या एका आजोबांना पेव म्हटल्यावर लगेच चित्र दिसलं, त्यांच्या लहानपणी गावात होती, तोंड अरुंद, आत काळामिट्ट अंधार, आणि खूप दिवस बंद असलेलं पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही कारण कोंडलेल्या हवेने माणूस मरतो. ते म्हणाले, "हेच बरोबर, साखळीबिखळी काही नाही, पेवातच टाकलं असणार." त्यांच्या म्हणण्यात एक खोच आहे, पेवात धान्य टाकतात ते फेकून द्यायला नाही, राखून ठेवायला, आणि वचनात पुढचाच शब्द 'न्यायासाठी राखून ठेवलेले' असा आहे. मला स्वतःला तरी साखळ्या पटतात. यहूदाकडे 'बंधनं' आहेत, पेत्राच्या पत्राच्या लेखकाला साधे शब्द आवडत नाहीत, तो तेच जरा भारी शब्दात सांगतोय, आणि अंधाराच्या साखळीने बांधले गेले ही कल्पना शलमोनाच्या नावावरच्या शहाणपणाच्या ग्रंथात, मिसरातल्या त्या तीन दिवसांच्या अंधाराच्या वर्णनात, आधीपासून आहे. आजोबांना नाही पटलं, ते पेवावर ठाम राहिले. असू दे.

पण या भांडणात दोन्ही बाजूंना झोफोस मात्र तोच राहतो हे बघा. आणि जुन्या लॅटिन वाचकांनी तो कसा वाचला? व्हल्गेटमध्ये, म्हणजे जुन्या लॅटिन बायबलमध्ये, या जागी 'रुदेन्तिबुस इन्फेर्नी' आहे, इन्फेर्नीचे दोर, म्हणजे अधोलोकाचे दोर. अंधार हा शब्दच नाही! भाषांतर करणाऱ्याने झोफोसचं भाषांतर सरळ खालचा लोक असं करून टाकलं. हे वाचलं तेव्हा मी रात्री अकरा वाजता गटाच्या व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला आणि कोणीही उत्तर दिलं नाही. तेच व्हल्गेट यहूदा १३ मध्ये मात्र गडबडतं, तिथे अंधाराचं वादळ असं काहीतरी करतं, आणि २ पेत्र २:१७ मध्ये हुबेहूब त्याच ग्रीक शब्दांसाठी अंधाराचं धुकं. एकच ग्रीक जोडी आणि दोन भाषांतरं, म्हणजे त्यांनाही काकूंसारखाच प्रश्न पडला होता.

मराठीत काय करायचं? पंडिता रमाबाईंनी ग्रीक आणि हिब्रू शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते पूर्ण बाहेर पडलं, साध्या बायाबापड्यांना कळेल अशी भाषा हा त्यांचा आग्रह होता, त्यामुळे असल्या शब्दापाशी त्यांची किती ओढाताण झाली असेल ते मी आता समजू शकतो. आम्ही आमच्यापुरते पर्याय मांडले. पाताळ बाद, कारण पुराणांतलं पाताळ काळोखी नाहीच, विष्णुपुराणात नारद तिथून परत येऊन म्हणतो की ते स्वर्गाहून रम्य आहे, नागांच्या मण्यांचा लखलखाट. भागवतातल्या नरकांच्या यादीत अंधतामिस्र आहे, अर्थ जवळ जातो पण शब्द उच्चारतानाच जीभ अडखळते आणि त्याच्यामागे वेगळीच गोष्ट आहे. अधोलोक हा शब्द मराठी बायबलमध्ये हेडीससाठी आधीच अडकलेला. शेवटी त्यातल्या त्यात बरा वाटला तो अंधारकोठडी, कारण त्यात अंधार ही जागाच आहे, तिथे डांबतात, आणि न्याय होईपर्यंत ठेवतातही. सहाव्या वचनाला आणि २ पेत्र २:४ ला तो चालतो, साखळ्या घ्या की पेव.

तेराव्याला नाही चालत. ताऱ्याला कोठडीत कसं टाकणार?

इथे काकूंनीच वाट काढली. मी त्यांना पश्चिमेचा तो अर्थ सांगत होतो आणि शिवाय हे की 'भटके तारे' म्हणजे ग्रीकमध्ये ग्रहच, प्लानेताइ, आणि हनोखच्या पुस्तकात सात तारे एका उजाड जागी बांधून ठेवलेत कारण ते ठरलेल्या वेळी उगवले नाहीत. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे आपल्या पंचांगात शुक्राचा अस्त असतो तसं का? माझ्या माहेरी शेजारपाजारी लग्नं थांबायची त्यासाठी." मी म्हटलं हो, तसंच, फक्त पंचांगात अस्ताच्या पुढे उदयाची तारीख असते. काकू जरा वेळ वचनाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आणि इथे 'कायमचा' लिहिलंय."

माझं वाचन मग असं ठरलं, आणि हे माझं आहे, कोणत्या कोशात सापडेल असं सांगत नाही: त्या ताऱ्यांसाठी मावळतीखालची ती जागा राखून ठेवलीय, जिथे नुसता स्कोतोस भरलेला आहे, म्हणजे अंधाराचा अंधार नव्हे तर अंधाराने भरलेली खालची जागा. काकूंनी बायबलच्या समासात पेन्सिलीने 'अस्त' एवढंच लिहिलं. आजोबांनी 'पेव' लिहिलं, तेही चुकीच्या वचनापाशी. चौदाव्या वचनाला हात लावेपर्यंत नऊ वाजले होते आणि बाहेर पाऊस सुरू झाला होता, तेव्हा हनोख पुढच्या गुरुवारवर गेला.